चुकलेला मंगळवार

हृदयविकार विभागाचे मोठे डॉक्टर जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना कारणराव म्हणत. तोंडावर अर्थातच ‘सर’. कुठलंही कारण ते आधी ठरवत आणि मग आकड्यांना त्या दिशेने हाकत. हाकायचं काम ज्या बाईकडे होतं तिला ते आकडेबाई म्हणत. संख्याशास्त्र शिकायला तिने आयुष्याची सहा वर्षं घातली होती, पण कारणरावांच्या लेखी ती बेरीज-वजाबाकीची मोलकरीण.

कारणरावांचं लाडकं लेकरू म्हणजे व्यायामवर्ग. झटका येऊन गेलेल्यांनी दर मंगळवारी यायचं, तळमजल्यावरच्या लांबलचक खोलीत तासभर चालायचं. बारा मंगळवार पुरे झाले की कार्डावर ‘नियमित’ असा निळा शिक्का. पुरे झाले नाहीत तर ‘अनियमित’, लाल. वर्षाअखेर हिशेब लागला. नियमितांपैकी शंभरातले चार दगावले होते, अनियमितांपैकी एकोणीस. कारणरावांना आकाश ठेंगणं झालं. ‘नियमित या, आयुष्य वाढवा’ असा हातभर फलक लिफ्टशेजारी लागला. एवढ्यावर भागेल तर ते कारणराव कसले! दगावलेल्या सत्तावन्न अनियमितांच्या घरी त्यांनी पत्रं धाडली. आपल्या रुग्णाची नोंद अनियमित अशी आहे, इतर कुटुंबीयांनी बोध घ्यावा. याला ते सांत्वनपत्र म्हणत.

त्यातलं एक पत्र आकडेबाईच्या थोरल्या बहिणीच्या घरी गेलं. भावोजींना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. ताईच्या सासूबाईंनी पत्र फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावलं, म्हणजे दूध काढताना, भाजी काढताना सुनेला ते दिसावं. माझा मुलगा हिच्या हलगर्जीपणाने गेला, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला त्यांना आता कागदाचा आधार मिळाला.

ताई भांडली नाही, तेच वाईट. दर मंगळवारी नवऱ्याला गाडीत घालून तीच नेत होती, आणि आता तिचाच स्वतःवरचा विश्वास उडाला होता. एकदा तिला ताप होता, एकदा गाडी बंद पडली होती. आकडेबाईला तिने फोन करून एवढंच मागितलं, “कुठला मंगळवार चुकला तेवढं बघून सांग. मला कळलं म्हणजे झालं.”

दुसऱ्या दिवशी आकडेबाईने भावोजींचं कार्ड काढलं. तापाचा मंगळवार, हजर. गाडी बंद पडली तो मंगळवार, हजर, वेळेच्या रकान्यात ‘वीस मिनिटं उशीर’. नऊच्या नऊ मंगळवार हजर. दहाव्याला रेघ, आणि खाली लाल शिक्का. नववा मंगळवार झाल्यावर तीन दिवसांनी, शुक्रवारी, भावोजी गेले होते.

बारा मंगळवार भरायचे तर आधी बारा आठवडे जगायला हवं. जो मध्येच मेला तो आपोआप अनियमित, मग तो वर्गाला धावत का आलेला असेना. तिने सगळी कार्डं उपसली. सत्तावन्नांपैकी पंचेचाळीस जण बारा आठवड्यांच्या आतच गेले होते. बाराव्या आठवड्याला जे जिवंत होते तेवढेच धरून पुन्हा मोजलं, तर नियमितांत शंभरी चार आणि अनियमितांत पाच. कारणरावांच्या लेकराचा पराक्रम तो एवढा.

कागद घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली. शक्य तितक्या सोप्या भाषेत तिने सांगितलं, की निवृत्तीचा निरोप समारंभ झालेले सगळे लोक साठीपर्यंत जगलेले असतात, म्हणून समारंभाने आयुष्य वाढतं असं कोणी म्हणत नाही. कारणरावांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, की मेलेल्या माणसाला नियमित कसं म्हणायचं, तो वर्गाला येतच नाही. एवढं शिकलेला माणूस हे हसू न येता बोलला. डॉक्टरांच्या परिषदेसाठी याच आकड्यांवर लिहिलेलं त्यांचं भाषण आधीच छापायला गेलं होतं.

“बाई, आकडे तुमचे, अर्थ माझा,” ते म्हणाले, आणि अहवालावर तिच्या सहीची जागा बोटाने दाखवली.

तिने सही केली नाही. पण त्यात मोठेपणा वाटून घ्यावा असंही काही उरलं नव्हतं. पत्रांसाठी ती सत्तावन्न नावांची यादी काढली होती तिनेच. नावं न वाचता पुढे पाठवली होती, कारण जेवायची सुट्टी झाली होती. कारणराव मूर्ख होते हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आपण त्यांच्याहून शहाण्या आहोत या तोऱ्यात तिने चार वर्षं काढली होती. अशा शहाणपणाला काय चाटायचंय?

रविवारी दुपारी ती ताईकडे गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्डाची नक्कल ठेवली आणि एकेका मंगळवारावर बोट ठेवत सगळं सांगितलं. ताईने नऊ खुणा स्वतः मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

“आणि यादी कोणी केली?”

“मी.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं आकडेबाईला जन्मभर पुरणार होतं. मग ताई उठली, तिने फ्रिजवरचं पत्र काढलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

“आई, जरा बाहेर या. चुकलेला मंगळवार सापडला.”

सासूबाई लगबगीने आल्या. कधीपासून वाट बघत होत्या बिचाऱ्या. ताईने कार्डातल्या रेघेवर बोट ठेवलं.

“हा बघा. त्या दिवशी तुमचा मुलगा वर्गाला गेला नाही. आदल्या शनिवारी आपण त्यांना जाळून आलो होतो.”