पंपाची काळी वायर

देवदत्त पुराणिक चौतीस वर्षं डिफेन्सच्या फॅक्टरीत इलेक्ट्रिक सेक्शनला होता, शेवटची नऊ वर्षं फोरमन म्हणून. त्याचा मित्र नीलकंठ डबीर सरकारी शाळेत भूगोल शिकवायचा. दोघांची घरं मदन महाल वस्तीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि निवृत्तही दोघं एकाच वर्षी झाले. निवृत्तीनंतर माणसं तीर्थाला जातात, नातवंडं सांभाळतात. या दोघांनी शिडाची होडी बांधली.

सतरा फुटांची, प्लायची, वरून फायबरचा लेप. एक शीड, आणि पुढे दोन माणसं वाकून बसतील एवढी केबिन. दीड वर्ष ती देवदत्तच्या अंगणात उलटी पडून होती. शेवटी ट्रॉलीवर चढवून बरगी धरणाच्या पाण्याकडे निघाली तेव्हा गल्लीतल्यांनी नारळ फोडला, आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने विचारलं, "डबीर सर, इसका लाइसेंस भी लगता है क्या?"

कामं आपोआप वाटली गेली. वारा नीलकंठचा, वीज देवदत्तची. पाण्यावरची सुरकुती बघून नीलकंठ सांगायचा, आता दोन मिनिटांत झोत येणार, आणि तो यायचा. पण बरगीचा वारा दुपारनंतर कधी पडेल त्याचा नेम नाही, म्हणून देवदत्तने मागे बॅटरीवर चालणारी छोटी मोटर बसवली, केबिनच्या छपरावर सोलर प्लेट लावली, आणि एक मीटर आणलं. बॅटरीत किती चार्ज उरलाय ते हे गोल मीटर टक्क्यांत दाखवायचं, आणि त्या घडीला किती करंट जातोय तेही. बॅटरीच्या काळ्या टोकाला एक पितळी पट्टी जोडलेली असते. तिच्यातून जेवढा करंट गेला-आला तेवढा मीटर मोजतं. देवदत्तला त्या मीटरचं भारी कौतुक. होडीत पाय ठेवला की आधी मीटर, मग बाकीचं.

"नर्मदामाईला हात जोड आधी," नीलकंठ म्हणायचा. "ती टक्के विचारत नाही."

अशी चार वर्षं गेली.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. गुरुवारी नीलकंठ एकटाच बरगीला जाऊन शिडाची उसवलेली शिवण घालून आला होता. रविवारी दोघं निघाले, आणि देवदत्तची बायको प्रमोदिनी पहिल्यांदाच बरोबर आली. मीटरवर शहाऐंशी टक्के होते. चारच्या सुमारास ते पार मधल्या पाण्यात होते. वारा पडला, शीड लोंबलं, आणि पश्चिमेकडून धुळीचं मातकट अंधड उठताना दिसलं.

"मोटर लाव," नीलकंठ म्हणाला. "अंधड यायच्या आत किनारा गाठू."

मोटर जेमतेम चार मिनिटं चालली. मग कण्हली आणि बंद पडली. मीटर मात्र अजूनही चौऱ्याऐंशी दाखवत होतं. देवदत्तने वायरी हलवल्या, ठोकून पाहिलं, शिव्या दिल्या. तेवढ्यात अंधड आलंच. होडी वेडीवाकडी ढकलली गेली ती थेट बुडालेल्या जंगलाच्या खुंटांवर. डोलकाठी मोडली, बुडाला भेग पडली, आणि प्रमोदिनी दोर आणायला केबिनमध्ये गेली होती ती तिथेच आपटली. तिचं मनगट मोडलं.

होडीवर नजर ठेवणारा कोळी भूरा बर्मन दोन नावा घेऊन आला आणि त्याने सगळ्यांना किनाऱ्याला आणलं. तिथे होडी रिकामी करताना देवदत्तला दिसलं, केबिनच्या दिव्याचं बटण चालू होतं.

नीलकंठ प्रमोदिनीच्या हाताला झोळी बांधून, तिला वर गाडीत बसवून परत आला, उरलेला पंचा हातात घेऊन. देवदत्त त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"गुरुवारी दिवा चालू ठेवून गेला तू. तीन दिवस जळून राहिला तो. माझी बायको मेली असती आज."

"मी बंद केला होता, देवा."

"बटण चालू आहे! बघ जाऊन!"

"पण तुझं मीटर तर..."

"मीटर लटकलं असेल! तू विसरला. तुझ्या बाबांसारखं झालंय तुझं, सांगून ठेवतो. घरच्यांना गळ्यात चिठ्ठी बांधावी लागेल तुझ्या."

नीलकंठचे वडील शेवटची पाच वर्षं सगळं विसरले होते. ग्वारीघाटाला अंघोळीला म्हणून जायचे आणि परत यायचा रस्ता विसरायचे. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवूनही दोनदा हरवले. त्यांना शोधायला नीलकंठबरोबर देवदत्तच फिरला होता, घाटावरच्या एकेका पंड्याला, एकेका फुलवालीला विचारत. म्हणजे कुठे लागेल ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

नीलकंठ भांडला नाही. पंचा हातात धरून तो तसाच उभा राहिला, आणि मग वेगळ्याच, बारीक आवाजात म्हणाला, "केला होता बंद. ...केला होता ना?"

हे त्याने देवदत्तला विचारलं नव्हतं. देवदत्तला ते तेव्हाच कळलं होतं. तरी तो पाठ फिरवून गाडीकडे गेला.

त्यानंतर नीलकंठ आला नाही आणि देवदत्तनेही बोलावलं नाही. दोन गल्ल्यांचं अंतर, पण रस्ताच बदलला दोघांनी. बातम्या कानावर यायच्या. नीलकंठने स्कूटर विकली. बँकेची कामं मुलीवर, अवंतिकावर सोपवली. गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळाचं सूत्रसंचालन तो वीस वर्षं करायचा. त्या कामाला त्याने नकार दिला. मधेच विसरलो तर शोभा होईल, म्हणाला. देवदत्त हे ऐकायचा आणि मनात म्हणायचा, बघा, मी सांगितलंच होतं. वाईट वाटायचं त्याला, पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी आपण बरोबर ठरल्याचा थोडा आराम होता.

होडी दोन वर्षं काठावर ताडपत्रीखाली पडून राहिली. यंदा दसऱ्यानंतर देवदत्तने ती दुरुस्त केली, नवी बॅटरी घातली आणि पाण्यात उतरवली. मीटरवर शंभर टक्के. आठ दिवसांनी गेला तर सत्त्याण्णव. मोटर सुरू केली, ती दोन मिनिटांत कण्हायला लागली.

तोच आवाज. देवदत्तचा हात बटणावरच राहिला.

त्याने मोटर बंद केली. मग त्या शांततेत त्याला बारीक घरघर ऐकू आली, पायाखालून. फळी उचलून पाहिलं. होडीच्या तळाशी झिरपलेलं पाणी उपसायला त्याने एक पंप बसवला होता. पाणी वाढलं की त्याचा तरंगता खटका वर उचलला जायचा आणि पंप आपोआप सुरू व्हायचा. त्या खटक्याखाली शेवाळाचा गोळा अडकला होता. पाणी नव्हतं, तरी खटका वरच होता आणि पंप कोरडाच फिरत होता. किती दिवस, कोण जाणे.

देवदत्तने मीटर पाहिलं. पंप समोर चालतोय, आणि मीटर म्हणत होतं, करंट शून्य.

चौतीस वर्षं ज्याने हेच केलं त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. तरी त्याने पंपाची काळी वायर बोटांनी चाचपत मागे मागे नेली. ती पितळी पट्टीला नव्हे, थेट बॅटरीच्या टोकाला जोडलेली होती. मीटरला ती दिसतच नव्हती; त्या मे महिन्यातही बॅटरी अशीच, न दिसता संपली असणार. पंप मागाहून, पावसाळ्याच्या तोंडावर घाईघाईत बसवला होता. पुढे नीट जोडू म्हणून राहून गेलं. जोड त्याच्याच हातचा होता, वर पिवळी टेप गुंडाळायची त्याची सवय. दुरुस्ती करताना त्याने ती वायर पुसून पुन्हा तशीच लावली होती.

तो खाली बसला. आणि मग दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली, ती पहिलीहून वाईट. केबिनचा दिवा पट्टीतून जोडलेला होता. तो तीन दिवस जळला असता तर मीटरने ते मोजलं असतं. शहाऐंशी टक्के दाखवलेच नसते. म्हणजे नीलकंठने दिवा बंद केला होता, आणि ते मीटर त्या दिवशीच ओरडून सांगत होतं. नीलकंठ तेच म्हणायला गेला होता, "पण तुझं मीटर तर...". पाच मिनिटं शांत डोक्याने विचार केला असता तर पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसलाही हे कळलं असतं.

घरी आल्यावर त्याने प्रमोदिनीला विचारलं, "त्या दिवशी केबिनमधला दिवा कोणी लावला होता?"

"मीच," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "दोर शोधत होते ना अंधारात. बटण दाबलं, लागलाच नाही तो."

"मग तू सांगितलं काहून नाही?"

ती थांबली. "मी वर गाडीत होते, अहो, मोडका हात धरून. दिव्यावरून काही झालं हे मला आज कळून राहिलं. मला फक्त एवढं म्हणालात की नीलकंठ चुकला. काय चुकला, ते मी दोनदा विचारलं. तुम्ही जेवणावरून उठून गेलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नीलकंठकडे गेला. दार इंदूवहिनींनी उघडलं. त्यांनी या म्हटलं नाही, फक्त बाजूला सरकल्या. नीलकंठ खिडकीपाशी बसला होता. समोर शाळकरी वही. कॉलर व्यवस्थित, दाढी केलेली, पण दोन वर्षांत दहा वर्षं म्हातारा झालेला.

देवदत्तने सगळं सांगितलं. पंप, काळी वायर, पिवळी टेप, प्रमोदिनीने दाबलेलं बटण. काही राखलं नाही. शेवटी म्हणाला, "तू बंद केला होता दिवा. चूक माझी होती, पूर्ण माझी. मला माफ कर, नीलकंठ."

नीलकंठ मंद हसला. "अच्छा. बरं केलंस आलास."

"तुला पटलं ना?"

"देवा, तू मला बरं वाटावं म्हणून सांगून राहिला. समजतं मला. चहा घेशील ना?"

 तेव्हा इंदूवहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बोलल्या, आवाज न चढवता. "नागपूरला डॉक्टरकडे नेलं होतं मी यांना. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही झालेलं, वयाच्या मानाने चांगली आहे स्मृती. हे काय म्हणाले माहीत आहे? डॉक्टर मला आज भेटून राहिला, देवा मला चाळीस वर्षं ओळखतो."

नीलकंठ वहीकडे बघत राहिला. वहीत लिहिलं होतं, सहा-वीसला दूध आलं. सात-पाचला गॅस बंद केला. सात-दहाला गॅस पुन्हा पाहिला. देवदत्तने तेवढं वाचलं आणि मान वळवली.

"चल माझ्यासोबत," तो म्हणाला. "आत्ता. डोळ्यांनी बघ. मग नाही पटलं तर नको पटू दे."

नीलकंठने इंदूवहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा."

दोघं गाडीने बरगीला आले. होडी पाहून नीलकंठने तिच्या कडेवरून एकदा हात फिरवला. अडकलेलं शेवाळ तेवढं काढलं होतं, बाकी देवदत्तने मुद्दाम काहीच बदललं नव्हतं. त्याने फळी उचलली. "खटका तूच उचल."

नीलकंठने बोटाने खटका वर केला. पंप घरघरला. मीटरवर शून्य. त्याने खटका सोडला, पुन्हा उचलला. शून्यच. मग देवदत्तने केबिनचा दिवा लावायला सांगितलं. दिवा लागला आणि मीटरवरचा आकडा लगेच हलला. दिवा बंद, आकडा शून्य. नीलकंठने हे पाच-सहा वेळा केलं, प्रयोग करणाऱ्या शिक्षकासारखं, क्रमाने. मग तो फळीवर बसला.

"म्हणजे मी बंद केला होता," तो म्हणाला.

"हो."

"मला आठवत होतं, देवा. बटण दाबल्याचं, बोटाखाली टक् झाल्याचं. मला अगदी आठवत होतं. पण मग मी म्हटलं, बाबांनाही असंच अगदी आठवायचं."

देवदत्तने त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि ठेवला नाही.

"अवंतिकाला मुलगी झाली मागच्या वर्षी," नीलकंठ पाण्याकडे बघत म्हणाला. "भोपाळला गेलो होतो. सगळ्यांनी घेतलं बाळाला. मी नाही घेतलं. वाटलं, कुठेतरी खाली ठेवीन आणि विसरून जाईन. अवंतिका म्हणाली, बाबा, घ्या ना. मी म्हटलं, हात दुखून राहिला." त्याने तळव्याने फळीवरची धूळ झाडली. "आता ती चालते. माझ्याकडे येत नाही. नवखा वाटतो मी तिला."

वारा चांगला सुटला होता. पाण्यावर बारीक सुरकुती पळत होती. चार वर्षं असा वारा पाहिला की नीलकंठ बोलायचा थांबायचा आणि दोर हातात घ्यायचा. देवदत्त म्हणाला, "जायचं का थोडं? काठाकाठाने. सुकाणू तू धर."

"नको. आज नको."

"मग पुढच्या रविवारी?"

नीलकंठने जरा विचार केला. "रागावलो नाही मी तुझ्यावर," तो म्हणाला. "राग यायला पाहिजे होता, तेव्हाच. तेव्हा आला असता तर दोघांचंही बरं झालं असतं. पण मला वाटलं, तू बरोबर आहेस." रविवारचं त्याने उत्तर दिलं नाही.

देवदत्तने पंपाची वायर तिथल्या तिथे सोडवून पट्टीला जोडली. पाच मिनिटांचं काम. नीलकंठ शेजारी पाना धरून उभा राहिला, पूर्वीसारखा, मागायच्या आधी पुढे करत. निघताना केबिनचं कुलूप त्यानेच लावलं. ओढून पाहिलं आणि किल्ली देवदत्तकडे दिली. काठावर उतरून दोघं गाडीकडे निघाले. दहा पावलं गेल्यावर नीलकंठ थांबला, मागे वळला.

"लागलंय कुलूप," देवदत्त म्हणाला. "मी पाहिलं, नीलकंठ. तू ओढूनही पाहिलंस."

"हो ना. मला आठवतंय," नीलकंठ म्हणाला, आणि तरी चिखलातून पाय उचलत होडीकडे परत गेला.