कागदापुरतं

मी कान तपासते. मुलाला काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवायचं, आवाज आला की हात वर करायला सांगायचं आणि आपण बाहेर बसून बटणं दाबायची. पहिल्याच आठवड्यात आमच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, बटण दाबताना मान खाली घालायची. मुलं आवाजाची वाट बघत नाहीत, आपल्या तोंडाकडे बघतात. आपली भुवई हलली की त्यांचा हात वर. अशानं कमी ऐकू येणारं मूलही पास होऊन जातं आणि आईबाप निर्धास्त घरी जातात.

हे सगळं मी रोज दुसऱ्यांच्या आयांना सांगते.

आमचा घटस्फोट फार समंजसपणे झाला, असं सगळे म्हणतात. माझ्या आईला मात्र तेच झेपलं नाही. "दारू नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. मग घेताय कशाला? हौस म्हणून?" फोनवर तिचा आवाज चिरका झाला होता. तिला काय सांगणार? की दूध संपलंय आणि गीझर बंद कर, याखेरीज आमच्यात वाक्यं उरली नव्हती, आणि तीही आम्ही खारूताईच्या तोंडून पाठवायचो. खारूताई म्हणजे आमची मुलगी, साडेसहा वर्षांची. पुढचे दोन मोठे दात आले तेव्हा तिच्या बाबानं ठेवलेलं नाव.

दोघांत मिळून एकच वकील केली. वकीलबाईंनी चष्मा डोक्यावर चढवला आणि विचारलं, "वर्षभर वेगळे राहताय ना?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. राहत होतो एकाच घरात. तो बाहेर सोफ्यावर, आम्ही दोघी आतल्या खोलीत. दुसरं घर परवडत नव्हतं आणि सोफ्याची त्याला सवय झाली होती.

"एका छपराखाली वेगळे, हे सिद्ध करत बसलात तर दोन वर्षं जातील," वकीलबाई त्याला म्हणाल्या. "भाऊ आहे ना तुमचा इथे? त्याच्याकडे राहताय असं लिहू. नवराबायकोचं एकमत असलं की कोणी खोदत नाही. समुपदेशक मुलीशी दोन मिनिटं बोलतील, तिला तेवढं सांगून ठेवा."

एका रविवारी दुपारी आम्ही तिला तेवढं सांगून ठेवायला बसलो. तिच्या बाबानं माझा चष्मा नाकाच्या टोकावर ठेवला, टेबलामागे बसला आणि घसा खाकरून म्हणाला, "हं, बाळ, तुझे बाबा कुठे राहतात?"

"काकाकडे," खारूताई म्हणाली. "पण आज दाढी इथेच केली. आणि बेसिनमध्ये सगळे केस."

आम्ही दोघं एकदम हसलो. मला तर ठसका लागला, आणि त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. अशी दुपार आमच्या घरात कित्येक महिन्यांत झाली नव्हती.

"दाढीचं नाही सांगायचं गं," तो म्हणाला.

"म्हणजे खोटं बोलायचं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "खोटं नाही, राणी. कागदापुरतं. कागदावर असं लिहायचं असतं, मग सगळ्यांनी तसंच सांगायचं. घरात आपलं आहे तसंच."

तिला ते पटलं. फारच पटलं. हात पाठीमागे बांधून, हनुवटी वर करून ती म्हणायला लागली, "बाबा काकाकडे राहतो. रविवारी भेटायला येतो. मी ठीक आहे." शेवटचं वाक्य आम्ही शिकवलं नव्हतं. तिनं आपणहून जोडलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

कोर्टातली समुपदेशकांची खोली आमच्या तपासणीच्या खोलीसारखीच निघाली. दाराला काच, आत छोटी खुर्ची, कोपऱ्यात हात तुटलेलं अस्वल. समुपदेशक वयस्कर गृहस्थ होते, बोलता बोलता बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही. दिसलं इतकंच, की खारूताईनं उत्तर देण्याआधी काचेतून माझ्याकडे बघितलं.

मान खाली घालायला एक क्षण पुरला असता. मी भुवया उंचावल्या आणि हलकेच मान डोलावली.

तिचे हात पाठीमागे गेले.

बाहेर आल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "फार समजूतदार मुलगी आहे. इथे लोक चमच्यांवरून भांडतात हो. तुमच्यासारखी माणसं आली की बरं वाटतं." आम्ही लाजल्यासारखं केलं. परत येताना तिच्या बाबानं तिला खांद्यावर घेतलं होतं आणि ती त्याच्या डोक्यावर तबला वाजवत होती.

सहा महिन्यांनी निकाल हातात आला. मग त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि एका शनिवारी सकाळी सामान बांधलं. खारूताई त्याचे मोजे जोड्या लावून देत होती, अगदी उत्साहात. आम्ही दोघांनी तिला समोर बसवलं. आता बाबा खरंच वेगळा राहणार, आम्ही दोघं अजूनही मित्र आहोत, तुझ्यावर दोघांचं प्रेम आहे, असं सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "हो, हो. असंच सांगायचं. मी कोणालाच सांगणार नाही."

"अगं, हे कागदापुरतं नाही," मी म्हटलं.

"हो, तसंच म्हणते मी."

तीन आठवडे ती रोज जेवायला तीन ताटं मांडत होती. सोफ्यावर कोणी बसलं तर उठवायची. शाळेत मात्र बाईंना सांगायची, बाबा वेगळा राहतो. बाई मला म्हणाल्या, किती छान स्वीकारलंय तिनं.

चौथ्या रविवारी तो तिला नव्या खोलीवर घेऊन गेला. संध्याकाळी सोडायला आला तेव्हा जिन्यातूनच वळला. ती आत आली, बूट काढून जागेवर ठेवले आणि म्हणाली, "आई, तिथे बाबाचा ब्रश आहे. टॉवेलही आहे. दाराच्या मागे त्याचा निळा शर्ट आहे." मग म्हणाली, "बेसिनमध्ये केस आहेत."

त्या रात्री तिनं दोनच ताटं मांडली. रडली नाही. मला वाटलं, आता तरी रडेल.

गेल्या मंगळवारी शाळेतून फोन आला. ती बाकावर डोकं ठेवून झोपली होती, अंग भट्टीसारखं तापलेलं. बाईंनी सकाळपासून तीनदा विचारलं होतं, बरं वाटत नाही का? तीनदा तिनं उभं राहून सांगितलं होतं, मी ठीक आहे. मी रिक्षात तिला मांडीवर घेतलं, "दुखतंय का गं कुठे?" विचारलं, तर तेच उत्तर. डॉक्टरांनी कान बघितला. आतून लाल झाला होता, पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, "हे दोनतीन दिवसांचं आहे. मोठी माणसंही ओरडतात याच्यात." आणि माझ्याकडे बघितलं. कान तपासणारी बाई म्हणून ते मला ओळखतात.

तिच्या बाबाला फोन केला. तो लगेच आला, औषधं आणली, तिच्या उशाशी बसला. जाताना दारात म्हणाला, "मलाही ती दर रविवारी ठीक आहे असंच सांगते. मी खरं मानत होतो."

"मीही," मी म्हटलं. यावर भांडायची सोय नव्हती. शिकवलं दोघांनी मिळून होतं.

काल तिचा ताप उतरला. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात चित्र रंगवत बसली होती आणि मी भांडी घासत होते. मनाशी ठरवलं, कामावर करते तसं करायचं. तोंड दिसू द्यायचं नाही, आवाजही साधा ठेवायचा. तिच्याकडे पाठ करूनच विचारलं, "खारूताई, तुला बाबाची आठवण येते का गं?"

मी नळ बंद केला. रंगखडू टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग स्टूल सरकल्याचा, मग पावलांचा. मी मान आणखी खाली घातली.

ती माझ्या आणि ओट्याच्या मधल्या फटीत शिरली, अंग चोरून उभी राहिली आणि खालून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिचे हात पाठीमागे होते.