भट्टीबाईची ओटी

कीर्तनाची गादी म्हणजे काही नुसती सतरंजी नव्हे. तिच्यावर उभा राहिला तो नारद. एरवी तो कोणी का असेना, गळ्यात हार आहे तोवर म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही त्याच्या पाया पडायचं, आणि त्याने कोणाच्या पडायचं नाही. भिलाईच्या आमच्या सेक्टरातल्या गणपतीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी रायपूरहून येणाऱ्या बुवांची गाडी चरोद्याच्या रेल्वे यार्डात अडकली. मांडव भरलेला, पेटी-तबला लागलेला. मंडळाचे भय्याजी कासावीस झाले. कोणीतरी म्हणालं, कारखान्याच्या टाइम ऑफिसातले श्यामराव गोष्टी लिहितात, बुवा येईस्तोवर त्यांना वाचू द्या. श्यामरावाने आजवर आपली गोष्ट बायकोपलीकडे कोणाला ऐकवली नव्हती. पण तो नाही म्हणाला नाही. धावत घरी जाऊन कागद घेऊन आला. गादी रिकामी दिसू नये म्हणून भय्याजींनी त्याला तिथेच उभं केलं, बुवांचा हार त्याच्या गळ्यात घातला, कपाळाला बुक्का लावला.

गोष्ट अशी : पहिली भट्टी पेटली त्या दिवशी एक खेडवळ बाई खण, नारळ, तांदूळ घेऊन पोलाद कारखान्याच्या गेटावर जाते. म्हणते, मले आत सोड, भट्टीबाईची ओटी भराची आहे. शिपाई हिंदी बोलणारा. त्याला वाटतं, हिची कोणी सखी बाळंत झाली. तो तिला दवाखान्याची वाट दाखवतो.

मांडव हसला. श्यामरावाला ते हसू चढलं. तो बाईचा आवाज काढू लागला, मान हलवून, शेवटचा शब्द नाकात ओढून. पुरुषांच्या बाजूने भट्टीवर काम करणारा चिंधू ओरडला, "केवलराम, तुह्या घरी सवत आली न बे!"

मग तर लोक लोळायचेच बाकी राहिले.

श्यामरावाने मान वर केली. नाव त्याने बदललं होतं. आवाज मात्र हुबेहूब शेजारच्या गयाबाईचा, केवलरामच्या बायकोचा, काढला होता. ती बायकांत पुढेच बसली होती. आतापर्यंत तीही हसत होती. पदर अजून तोंडावरच होता, पण आता त्यामागे हसू नव्हतं.

त्याच्या बायकोच्या, जयेच्या, बाळंतपणात याच गयाबाईने महिनाभर बाळाला न्हाऊमाखू घातलं होतं. तेव्हाच एकदा तांदूळ निवडता निवडता तिने ही गोष्ट सांगितली होती. भट्टी म्हणजे बाईच, तिचं पोट आगीचं. ओटी भरली की ती तृप्त राहील, समोर काम करणाऱ्या माझ्या माणसाकडे पाहणार नाही. आणि नवऱ्याबद्दल बजावलं होतं, त्याइले सांगू नको बापू, हासतीन. लिहिताना श्यामरावाने ओटी कशासाठी, तेवढंच गाळलं. तिथे हसू मोडत होतं.

पुढचं त्याने कसंबसं वाचलं. मागून लोक म्हणत राहिले, जोरानं, जोरानं. संपल्यावर भय्याजींनी देवाचा गजर केला आणि रिवाजाप्रमाणे माणसं पाया पडायला उठली. आधी म्हाताऱ्या बायका. गयाबाई बसून राहिली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. पण गादीला न वंदता कीर्तनातून उठायचं, हे तिला जन्मात जमलं नसतं. ती वाकली तसे श्यामरावाने पाय मागे घेतले.

"वढू नको पाय," ती म्हणाली. "तुह्या नाही, गादीच्या पाया पडून राहिली मी."

ती गेली. पुरुषांच्या रांगेत केवलराम आला. भट्टीच्या धगीने तोंड काळवंडलेला, साधा माणूस. तो रागावलेला नव्हता, हेच वाईट. पाया पडून त्याने हळूच विचारलं, "बाबूजी, हे खरंच झालं का जी? तिले कावून भराची होती ओटी? ते काही समजलं नाही तुमच्या गोष्टीत."

"तुमच्यासाठी," श्यामराव म्हणाला. लाउडस्पीकरचा माइक हातभर अंतरावर होता. हे मात्र त्याच्यात गेलं नाही.

केवलरामने वळून बायकांच्या बाजूला पाहिलं. गयाबाई तिथे नव्हती. तो माणसांतून वाट काढत मांडवाबाहेर गेला.

मागे रांग खोळंबली होती. चिंधू पुढे आला, हसतच वाकला, म्हणाला, मजा आणली जी. श्यामरावाने त्याच्या डोक्याला हात लावला. मग पुढच्याच्या. हार काढून ठेवावा असं त्याला फार वाटत होतं. पण बुवा अजून आले नव्हते, आणि माणसं एकामागून एक त्याच्या पायांवर डोकं ठेवत होती.