फ्रेंच बोलून दाखव

अकरा वाजता येतो म्हणालेले पाहुणे सव्वातीनला आले, आणि बसता बसता म्हणाले, "घाई नाही, आरामानं होऊ द्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बघण्याचा कार्यक्रम होता, आणि बघायची वस्तू मी होते. त्याच दिवशी चार वाजता पुण्याच्या एका कंपनीची तोंडी परीक्षा होती, मोबाईलवर, फ्रेंचमधून. फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून उत्तरं द्यायची नोकरी. वेळ एकच मिळाली होती. ती हुकली की वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. हे सगळं मी बाबांना आठ दिवस आधी सांगितलं होतं.

"अकराले येतीन, दोनले जातीन," बाबा म्हणाले होते. "रंगरावले एवढं समजत नाही का?" स्वतःचा उल्लेख ते असाच नावाने करतात.

वर सकाळीच त्यांनी माझा मोबाईल कपाटावर ठेवून दिला. मुलीच्या हातात मोबाईल दिसला की पाहुण्यांचं मत खराब होतं म्हणे.

फ्रेंच मी दोन वर्षं शिकले, अनुपमा मॅडमकडे, ऑनलाइन. आमच्या जानेफळच्या घरात रेंज येते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्यामुळे वर्ग तिथेच. म्हणजे माझ्याबरोबर आईही शिकली. व्याकरणाशी तिला देणंघेणं नव्हतं, पण वाक्प्रचार निघाले की भाकरी थापणारा तिचा हात थांबायचा.

"एखाद्याला ससा ठेवणे," मी आधी फ्रेंचमध्ये म्हणून मग मराठीत सांगायचे. "म्हणजे वेळ द्यायची अन् यायचंच नाही."

"सशानं काय बिघडोलं त्यायचं?"

"तळहातावर केस असणे."

आईने पिठाने भरलेला हात उलटासुलटा करून पाहिला. "आळशी! हातानं कामच नाही केलं त केस उगवतीनच न." वर्गातल्या पुण्याच्या मुलांना हा अर्थ मॅडमना सांगावा लागला होता.

वाटी काठोकाठ भरणे म्हणजे आता सहन होत नाही. आई म्हणाली, "नाकापरेंत आलं म्हनतो आपुन." दुसरी मांजरं झोडपायची असणे म्हणजे आपल्याला महत्त्वाची कामं आहेत, तुमच्यासाठी वेळ नाही. हे तिला आवडलं नाही. मांजरांचा काय दोष, म्हणाली.

अडली ती एकाच ठिकाणी. पिशवी रिकामी करणे. "मनात साचलेलं सगळं एकदाचं बोलून टाकणे," मी सांगितलं.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "समजलं. पन थे कुठं करा लागते, थे नाही सांगितलं का मॅडमनं?"

मी हसले होते. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तर पाहुणे. डोणगावचे निवृत्तीराव, त्यांचे थोरले भाऊ कारभारी आणि निवृत्तीरावांचा मुलगा अविनाश, म्हणजे नवरदेव. पोहे झाले, चहा झाला. अविनाशच्या पायाशी पाण्याचा पेला कलंडला. तो हातभर अंतरावर होता. त्याने मोबाईलवरून नजर न काढता हाक मारली, "मावशी, पानी सांडलं पाहा इथं." आई फडकं घेऊन आली आणि त्याच्या पायाशी वाकून फरशी पुसून गेली. त्याने पाय तेवढा बाजूला केला.

मी डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत. नाव सांग. शिक्षण सांग. पुरणाच्या पोळ्या येतात का? मग कारभारी म्हणाले, "जरा चालून दाखव बाई." मी भिंतीपर्यंत चालले आणि परत आले. बैलबाजारासारखे दात मोजायचे तेवढे राहिले होते. घड्याळात पावणेचार झाले होते.

"फ्रेंच येते म्हने तुले," निवृत्तीराव म्हणाले. "बोलून दाखव न."

"बोल, बोल," बाबा खुलले.

मी उभी राहिले आणि बोलले. एकेकाच्या डोळ्यांत बघून, सगळं फ्रेंचमध्ये. चार तास तुम्ही मला ससा ठेवलात. तुमच्या मुलाच्या तळहातावर केस आहेत. माझी वाटी भरली आहे. मला दुसरी मांजरं झोडपायची आहेत.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! लय गोड भाषा हाये," निवृत्तीराव म्हणाले. अविनाशने मोबाईल माझ्याकडे रोखला. "पुन्हा एकदा बोला न, व्हिडिओ काढतो."

"याचा मतलब काय?" कारभारींनी विचारलं.

"स्वागत केलं तिनं तुमचं," बाबा म्हणाले. त्यांना फ्रेंचचं एक अक्षर येत नाही.

मी तोंड उघडलं. नाही, स्वागत नाही केलं, एवढंच म्हणायचं होतं. पण परक्या भाषेत सुरीसारखी चालणारी माझी जीभ मराठीत हलेना. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

"स्वागत नाही केलं."

आई दारात उभी होती. हातात तेच ओलं फडकं.

"थे म्हनते, अकराची येळ देऊन तुमी माह्या लेकीले चार घंटे बसोलं. थे म्हनते, तुमचा पोरगा आळशी हाये, पेला उचलत नाही. थे म्हनते, नाकापरेंत आलं. अन् तिले काम हाये. चारले परीक्षा हाये तिची."

मग बाबा ओरडले, "मंजुळा! आत जाय. तुले कोनं विचारलं?"

"कोनीच नाही," आई म्हणाली. "सव्वीस वर्ष झाले, कोनीच नाही विचारलं."

तिने खुर्ची ओढली, वर चढून कपाटावरचा मोबाईल काढला आणि माझ्या हातात कोंबला. मला स्वयंपाकघरात ढकललं. "तीन मिनिटं हायेत," म्हणाली, आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

खिडकीपाशी रेंज आली. पडद्यावर चष्मा लावलेली एक बाई आली आणि मला फ्रेंचमध्ये नमस्कार म्हणाली. बाहेर बाबांचा आवाज चढत होता आणि त्याच्याही वर आईचा, जो मी जन्मात ऐकला नव्हता.

"तिले चालून दाखव म्हनता? मलेबी चालोलं होतं याच घरच्या लोकायनं! तीन खेपा! पोटात काय होते तवा, थे इचारलं का कोनी?"

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. हा कसला आवाज आहे, त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं. काही अडचण आहे का? परीक्षा पुढे ढकलायची का?

शेजारी भांडण चाललंय, असं सांगता आलं असतं. घरची अब्रू झाकायचं शिक्षण मला फ्रेंचच्या कितीतरी आधी मिळालं होतं.

"नको, ढकलू नका," मी फ्रेंचमध्ये म्हणाले. "माझी आई पिशवी रिकामी करते आहे. तिला बराच वेळ लागेल. आपण सुरू करू."