टोपलीसकट ढब्बू

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. डोक्यावर पारडं, पोटात स्प्रिंग, तोंडावर गोल तबकडी आणि तिच्यावर एक लाल काटा, एवढाच माझा संसार. दहा किलोपर्यंत काहीही ठेवा, जे असेल तेच सांगेन. तेवढा एक माज मला जन्मापासून आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका बेकरीत पोचलो. तिथे वीस वर्षं मैदा, साखर आणि लोणी तोललं. "काटा असावा तर असा," असं बेकरीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि मी पिठाने माखलेलाच ऐटीत बसायचो. मग बॅटरीवर चालणारा, हिरवे आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि माझी सद्दी संपली. बेकरीवाल्याने मला बहिणीकडे पोचवलं. बहिणीने, म्हणजे आमच्या बाईंनी, मला ओट्याखालच्या कप्प्यात रिकाम्या डब्यांमागे सरकवलं. बाई तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घरात त्या आणि त्यांचा बोका, दोघंच. तोलण्यासारखं होतं काय? सहा वर्षं मी झुरळांची ये-जा बघत काढली.

बोक्याचं नाव ढब्बू. पाच किलोंचा होता तेव्हा ते त्याला शोभायचं. मग त्याचं खाणं सुटलं. वाटीजवळ जायचा, वास घ्यायचा आणि परत फिरायचा. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं आणि बजावलं, "रोज वजन करा. तीन किलोंच्या खाली उतरला, तर उद्याची वाट बघू नका, तडक घेऊन या." त्या दुपारी माझ्या कप्प्याचं दार उघडलं. आजाऱ्याच्या घरात खूश होऊ नये हे मला कळतं, पण खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

नुसत्या पारड्यावर काही ढब्बू बसेना. म्हणून बाईंनी एक वेताची टोपली घेतली आणि तिच्यात जुन्या चादरीचा तुकडा अंथरला. दोन्हीचं मिळून वजन सहाशे ग्रॅम. रोज तेवढं वजा करायचं आणि उत्तर फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं. तीन किलो तीनशे. तीन दोनशे. तीन शंभर. बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

नेमक्या त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची पोरगी शिकवणीला आली. वय वर्षं दहा. तिची आई दारातच म्हणाली, "काकू, हिचं गणित तेवढं बघा. आतापर्यंत तीन शिकवण्या झाल्या. तिन्ही वेळा शिकवणाऱ्यांनीच हात टेकले." भिडेखातर बाई हो म्हणाल्या. दोन दिवसांत त्यांनी पोरीचं नाव वकीलसाहेब ठेवलं.

बाईंनी गणित घातलं, "दोन नळ टाकी भरतात आणि तिसरा रिकामी करतो."

"मग तिसरा बंद का नाही करत?" वकीलसाहेब म्हणाल्या.

"अगं, गणितात तसंच असतं."

"म्हणजे खोटंच ना? खोट्याचं उत्तर कशाला काढायचं?"

पेन्सिल टेबलावर तशीच पडून राहायची. एरवी बाईंनी असल्या दहा जणींना सरळ केलं असतं. पण त्यांचा एक कान सतत टोपलीकडे. एकदा त्या चिडून म्हणाल्या, "तुझं लक्ष कुठेय?" पोरगी शांतपणे म्हणाली, "माझं इथेच आहे, बाई. तुमचंच त्याच्याकडे आहे." खरं बोलणाऱ्यांविषयी मला आपुलकी आहे, त्यामुळे पोरगी मला तिथेच आवडली.

दुसऱ्या दिवशी शिकवणी चालू असतानाच बाईंनी वजन घेतलं. माझा काटा तीन किलो नऊशे पन्नासवर थांबला. बाईंनी मनातल्या मनात सहाशे वजा केले आणि त्यांचे डोळेच भरून आले. "तीन तीनशे पन्नास. अडीचशे ग्रॅम वाढला गं माझा सोन्या. औषध लागू पडलं." त्यांनी कागदावर लिहिलं, पुन्हा वाचलं आणि पोरीला म्हणाल्या, "आज सुट्टी तुला, जा."

सुट्टी म्हटल्यावर कुठलंही पोर धूम ठोकेल. ही ढब्बूच्या वाटीकडे बघत बसली. कालचं खाणं तसंच वाळलं होतं.

"पण बाई, हा खातच नाही, तर वाढला कुठून?"

"आता काट्याशीही भांडणार का तू?"

मी तर घामाघूम झालो, मित्रांनो. मी खोटं बोललो नव्हतो. पण टोपलीत काय काय आहे ते वेगळं करून सांगायला मला तोंड कुठे आहे? सकाळी ढब्बूने चादरीचा तुकडा खराब केला होता, आणि त्याला ऊब मिळावी म्हणून बाईंनी त्या जागी आंघोळीचा जाडजूड टॉवेल घडी करून घातला होता.

वकीलसाहेब उठल्या. ढब्बूला हळूच उचलून त्यांनी बाईंच्या मांडीवर दिलं आणि रिकामी टोपली टॉवेलसकट माझ्यावर ठेवली. मी जीव एकवटून सांगितलं, एक किलो. पोरीने टेबलावरून पेन्सिल उचलली. आल्यापासून पहिल्यांदाच. कागदावर तिने वजाबाकी मांडली, एकदा खोडली, परत केली.

"दोन किलो नऊशे पन्नास," ती म्हणाली. "बाई, तीनच्या खाली आहे."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर मुलांना "उत्तर ताडून बघा" म्हणून दटावणाऱ्या बाईंनी हे उत्तर काही ताडून बघितलं नव्हतं. "मला तो वाढलेलाच बघायचा होता गं," एवढंच त्या म्हणाल्या. मग ढब्बूला टोपलीत ठेवून, वर टॉवेल टाकून दोघी डॉक्टरांकडे जायला जिना उतरल्या.

मी ओट्यावर एकटा. संध्याकाळ झाली तरी कुणी येईना. अखेर कुलूप वाजलं आणि आधी पोरीचा आवाज आला, जिन्यात आईला सांगत होती, "दाढ किडली होती त्याची. भूक होती, पण चावताच येत नव्हतं." डॉक्टरांनी त्याला गुंगी देऊन तोंड नीट तपासलं होतं, दाढ काढली होती आणि सलाईन लावून तिथेच ठेवून घेतलं होतं. आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं, असंही ते म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी ढब्बू घरी आला आणि त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. मग काय विचारता! तीन शंभर, तीन तीनशे, तीन सहाशे. फ्रिजवर आता आलेखाचा कागद लागला, रेघ पोरीच्या हातची. ढब्बू रोज किती खातो, पाच किलो व्हायला किती दिवस लागतील, ही गणितं तीच घालायची आणि तीच सोडवायची. ती खरी होती ना. पुढे परीक्षेत तिला शंभरात एकसष्ट मिळाले. एक प्रश्नच चुकीचा होता, असं तिचं म्हणणं आहे, आणि बाईंनी चष्मा लावून तपासला तर तो खरंच चुकीचा निघाला. दोघी किती हसल्या म्हणून सांगू!

आता माझी जागा खिडकीपाशी, ऊन येतं तिथे आहे. रोज मला पुसतात, काटा शून्यावर आणतात आणि मगच काय ते ठेवतात. मित्रांनो, घरात माझ्यासारखं जुनं कुणी अडगळीत पडलं असेल तर त्याला बाहेर काढा, अजून कामाचं असेल. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याचं दुखणं मोजताना शेजारी एखादी भांडखोर पोरगी उभी असेल, तर तिला सुट्टी देऊ नका. आपल्याला जे बघायचं असतं तेच आपण वाचतो. ती टोपलीत डोकावते.

आजचं वजन चार किलो नऊशे. टॉवेल वगळून.