आठ मिनिटांचं गाणं

“लाव रे, लाव! आमच्या घरचं गाणं लाव!” जोल्चू अबांनी माइकवरूनच हुकूम सोडला आणि हॉलमधल्या सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

त्या कोपऱ्यात, साउंड मिक्सरच्या मागे, अर्गेन उभा होता. तोकमोक शहरातल्या या लग्नाच्या हॉलमध्ये आवाज सांभाळणं हे त्याचं काम. आज लग्न त्याच्या चुलत बहिणीचं होतं, तरी त्याची जागा तीच, वायरींच्या गुंत्यात.

तो लगबगीनं अबांपाशी, आपल्या काकांपाशी, गेला. “अबा, ते आज नाही लावता येणार. कंपनीची अट आहे. त्यांनी बाहेर काढायच्या आधी कुणीही ऐकायचं नाही.”

“कुणीही? म्हणजे आम्ही कुणीही झालो?” अबांनी माइकवर हात ठेवला होता, पण पुरता नाही. पुढची टेबलं हसली. “तुझी आई माझ्या दारात ‘सुयुंचू, सुयुंचू’ ओरडत आली, बातमीची बक्षिसी म्हणून नवी शाल घेऊन गेली. तेव्हा नव्हती ती अट?”

शाल आईच्या खांद्यांवरच होती. ती समोरच्या तळलेल्या बोरसोकच्या ढिगाकडे बघत बसली.

चूक म्हटली तर अर्गेनचीच. शाळा सुटल्यापासून तो एका जुन्या कॉम्प्युटरवर ट्रान्स संगीत रचत होता. त्यात शब्द नसतात. एकसारखा ठेका चालतो, त्यावर सुरांचे थर चढत जातात. मग मध्येच ठेका थांबतो, एकटी धून उरते, पायाखालची जमीन गेल्यासारखी. आणि ठेका परत येतो. सगळा जीव त्या परत येण्यात असतो. आधी हा नुसता नाद होता. पुढे तो परदेशातल्या कंपन्यांना रचना पाठवू लागला. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकानं लिहिलं, तुमचा ठेका गढूळ आहे. अर्गेननं अख्खा हिवाळा ठेका निवळण्यात घालवला. भिंतीपलीकडून आई म्हणायची, “पळवलेल्या घोड्यासारखं काय रे ते सारखं धडधड?”

आणि मग हॉलंडच्या एका कंपनीनं होकार कळवला. वसंतातल्या संग्रहातली पहिलीच रचना त्याची. तो डोकं धरून बसला. आईला वाटलं, कुणीतरी गेलं. तिला धीर द्यावा म्हणून त्यानं खरं ते सांगितलं, आणि दुपारपर्यंत ते सगळ्या भावकीत झालं.

“अबा, माझंच दुसरं एक लावतो.”

“शिळं नको मला. बक्षिसी ताज्याची दिलीय.”

लग्नाचं सूत्रसंचालन करणारे कुबात बायके त्याच्या कानाशी आले. “लाव बाबा. म्हातारा रुसला तर पुढची चार भाषणं तोच ठोकेल.”

अर्गेननं आईकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, “एकदाच रे. घरचीच तर माणसं आहेत.”

त्यानं लावलं.

पांढऱ्या टोप्यांतले म्हातारे निकाल ऐकायला बसल्यासारखे ताठ बसले. एका काकूनं शेजारणीला विचारलं, “शब्द कधी सुरू व्हायचे?”

“परदेशी आहे गं. उशिरा येत असतील.”

पण हळूहळू मुली उठल्या. नवरीही उठली. मोठ्या स्पीकरांतून अर्गेन आपलं काम पहिल्यांदाच ऐकत होता. ठेका खरंच निवळला होता. अट, कंपनी, सगळं तो विसरला. मग ठेका थांबला. धून एकटी राहिली. मुलींचे हात वर तसेच अधांतरी. आता फक्त थोडा वेळ.

जोल्चू अबा उठून उभे राहिले.

“वा! छोटंसंच, पण छान!” त्यांनी माइक तोंडाशी नेला. “चला, आता पोराला आशीर्वाद देऊ.” आणि त्यांनी दोन्ही तळवे पसरले.

सगळ्या हॉलनं तळवे पसरले. मुलींचे वर गेलेले हातही खाली येऊन ओंजळी झाले. पसरलेल्या तळव्यांवर ठेका कसा आदळू द्यायचा? अर्गेननं धून हळूहळू खाली आणली आणि बंद केली.

“ओमीन.” सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. ओमीन झालं की संपलेलं पुन्हा सुरू करायचं नसतं. कुबात बायकेंनी गरम मांस येत असल्याची घोषणा केली.

“अबा, ते आठ मिनिटांचं आहे, अर्धंच झालं होतं,” निघताना अर्गेन म्हणाला.

“अर्धं? मग आधी सांगायचंस की!” अबांनी त्याची पाठ थोपटली. “पण खरं सांगू? तेवढं पुरे होतं.”

नवरीच्या भावानं ते सगळं फोनवर टिपलं होतं. त्यानं मोठ्या कौतुकानं ते इंटरनेटवर टाकून जगाला दाखवलं. आठवड्याच्या आत हॉलंडहून दोन ओळी आल्या. अट मोडली, रचना संग्रहात नाही. पुढे कधीतरी ती वेगळी प्रसिद्ध करू. अर्गेन उत्तर लिहायला बसला. शाल, बक्षिसी, पसरलेले तळवे, हे सगळं त्या माणसांना कुठून सांगायला सुरुवात करायची? लिहिलेलं त्यानं पुसलं.

“मी शाल परत करू का?” आईनं विचारलं.

“शालीचं काय त्यात, अपा,” तो आईला म्हणाला.

“मग तू बोलत का नाहीस?”

“बोलतोय की.”

रचना शरद ऋतूत निघाली, इतर ढीगभर रचनांबरोबर, गाजावाजा न होता. नाव त्याचंच होतं. कामावर जाताना गाडीत त्यानं ते पाहिलं. खाली एकाच माणसानं अभिप्राय लिहिला होता. म्हाताऱ्याचा आवाज का काढलात? लग्नातल्या व्हिडिओत तोच भाग सगळ्यात भारी होता.

अर्गेननं फोन खिशात टाकला.

हॉलमध्ये दुपारचं ऊन होतं. बायका टेबलांवर पेले मांडत होत्या. त्यानं मोठे स्पीकर चालू केले आणि आपली रचना सुरुवातीपासून लावली. कुणी वर पाहिलं नाही. मधल्या जागी ठेका थांबला, धून एकटी उरली, तेवढ्यात कुबात बायके आत आले आणि सवयीनं माइक उचलला.

“झालं वाटतं हे. एक, दोन... एक, दो—”

अर्गेननं माइक बंद केला.

बायकेंचे ओठ हलत राहिले. त्यांनी माइकवर टिचकी मारली, फुंकर घातली, मग कोपऱ्याकडे पाहिलं. अर्गेननं नजर वर केली नाही. बटणावरचं बोटही काढलं नाही.

ठेका परत आला. टेबलांवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणू लागले. कुबात बायके मुका माइक हातात धरून, तोंड मिटून, गाणं संपेपर्यंत उभे राहिले.