क्लॅरिनेटवर टेकलेला दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. वरच्या ओळीतला, अगदी समोरचा. माझे मालक वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतात. या लांबट काळ्या वाद्याचं टोक ओठांत धरून फुंकायचं असतं. खाली खालच्या ओठाची मऊ गादी असते, पण वरचे दात थेट वाद्यावर टेकतात. म्हणजे सगळा भार माझ्यावर आणि माझ्या शेजाऱ्यावर.

दुधाचा दात पडून मी उगवलो, तेव्हा मालकांचं तोंड एवढंसं आणि मी भलामोठा. त्यांची आई म्हणाली, "अगं बाई, हा दात आहे की फावडं!" घरभर हशा पिकला आणि मी ओशाळलो. पुढे चेहरा वाढला, मी त्यात शोभू लागलो. मालकांनी वाद्य हातात घेतलं आणि माझं खरं काम सुरू झालं. टाळ्या त्यांना मिळत, कौतुक बोटांचं होई. दाताला कोण शाबासकी देतं? पण पहिला स्वर लागला की माझ्या मुळापर्यंत जी थरथर पोचायची, तीच माझी शाबासकी.

मग एके दिवशी तालमीच्या खोलीचं जड दार पलीकडून कुणीतरी धाडकन ढकललं. ते मालकांच्या तोंडावर आदळलं. ओठ फुटला, मी हादरलो, पण पडलो नाही. काही दिवस ठणकलो आणि मग ठणका थांबला. "झाला बरा!" मालक म्हणाले आणि विसरून गेले.

मित्रांनो, मी बरा झालो नव्हतो. माझ्या आतली नस मेली होती. दुखायला आत कुणी उरलंच नव्हतं.

वर्षं गेली, तसा मी काळवंडत गेलो. मालक ओठ मिटून हसू लागले. फोटो काढताना मान वळवू लागले. मिशीही वाढवून पाहिली. ज्याच्या जिवावर वाजवायचं त्यालाच लपवायचं, याचं मला फार वाईट वाटे.

शेवटी माझ्या मुळाशी पू झाला. हिरडी सुजली. वाद्य नुसतं टेकवलं तरी मालकांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यात पुढच्या कार्यक्रमात एकट्याने वाजवायचा मोठा भाग त्यांच्याकडे आलेला. तालमीत स्वर फाटला, तसे ते घरी येऊन मटकन बसले.

"उद्या जाऊन उपटूनच टाकतो. एक दात गेला म्हणून काही आभाळ कोसळत नाही."

"आभाळ नाही कोसळणार, सूर कोसळेल," त्यांची बायको म्हणाली. "आधी डॉक्टरांना दाखवा तरी. मी येते बरोबर. पळून आलात तर?"

दवाखान्यात चिमटे चकाकत होते. माझी तर गाळणच उडाली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, माझ्या मुळाच्या टोकाशी पुवाने हाड झिजून पडलेला काळा डाग दाखवला.

"उपटा एकदाचा," मालक म्हणाले.

"उपटायला कितीसा वेळ लागतो, काका? पण मूळ घट्ट आहे याचं. आतली घाण काढून, साफ करून पोकळी भरली की हाच दात राहील. रूट कॅनाल करू या."

"मला वाजवता येईल?"

"दुखणं गेलं की येईल. तिथलं हाड भरून यायला मात्र काही महिने लागतील."

डॉक्टरीणबाईंनी दात कोरायचं मशीन सुरू करून पाहिलं, तसं ते बारीक आवाजात किंचाळलं. मालकांनी भुवया उंचावल्या. "सूर जरा चढा लागलाय हो तुमच्या मशीनचा."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या आणि भीती निम्मी पळाली.

हिरडी बधिर केली. माझ्या पाठीमागून एक बारीक भोक पाडलं. कोंडलेली घाण बाहेर आली आणि मित्रांनो, काय सांगू! कोंदट खोलीची खिडकी उघडावी तसं झालं. केसासारख्या सुयांनी त्यांनी माझं मूळ आतून घासलं, धुतलं, औषध घातलं. सूज उतरल्यावर दुसऱ्या खेपेला पोकळी घट्ट भरून भोक बुजवलं.

घरी आल्यावरही मालक वाद्याला हात लावेनात. बायकोनेच पेटी उघडून पुढ्यात ठेवली. त्यांनी डोळे मिटले, वाद्य माझ्यावर हळूच टेकवलं. दुखलं नाही. जरा दाबलं. तरीही नाही! मग असा भरघोस स्वर निघाला की बायकोच्या हातातला कप हिंदकळला.

"अहो, शेजारी धावत येतील!"

"येऊ देत," मालक म्हणाले आणि किती तरी दिवसांनी दात दाखवून हसले.

कार्यक्रम झाला, उत्तम झाला. काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा माझ्या टोकाशी नवं हाड भरत आलं होतं. माझा रंग अजून जरा मळकाच आहे. गार-गरम मला कळत नाही. पण हिरडीतली पकड शाबूत आहे, स्वराची थरथर तशीच पोचते.

म्हणून सांगतो, मित्रांनो. दाताला मार लागला, तर दुखणं थांबलं तरी एकदा डॉक्टरांना दाखवून या. आणि उपटायची घाई करण्याआधी, हा वाचेल का, एवढं जरूर विचारा. तोंडात राहूनही आम्हाला स्वतःसाठी बोलता येत नाही. ते तुम्हालाच बोलावं लागतं.